हाडासाठी परांची

शाळेच्या स्मरणिकेत विज्ञानविषयक एक तरी लेख असावा, असा निरोप आम्हांस मिळाला तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. आम्ही दोघे याच वसतिगृहात वाढलो. पुढे आमच्यापैकी एकाने पदार्थविज्ञान शिकवण्याचे काम पत्करले, दुसरा अस्थिरोग विभागात भौतिकोपचार करू लागला. वाटा निराळ्या झाल्या, तरी दोघांच्या कामात एक प्रश्न समान राहिला. शरीरातील हाडाचा एखादा तुकडा कायमचा नाहीसा झाला, तर त्या जागी नवे हाड कसे उगवावे?

हा प्रश्न आमच्या मनात शाळेच्या दिवसांतच रुजला होता. आम्ही आठवीत असताना वसतिगृहातील एक सोबती चिंचेवरून पडला आणि त्याच्या हाताचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर झाले, आणि पुढच्या सत्रात तो पुन्हा कबड्डीच्या मैदानात उतरला. त्याच वर्षी आमच्या वर्गातील दुसऱ्या एका मुलाचे वडील वीटभट्टीवर ट्रॅक्टरखाली सापडले. त्यांच्या नडगीचा चार बोटे रुंदीचा तुकडा चुरा होऊन गेला. कमरेच्या हाडातून तुकडा काढून तो नडगीत बसवावा लागला. वर्षभर त्यांना काम करता आले नाही, आणि मुलाला एक सत्र शाळा सोडून भट्टीवर जावे लागले. गुरुजींनी हजेरीपटावरचे त्याचे नाव कापले नाही, म्हणून तो परत येऊ शकला. पुढे कधी भेट झाली की ते काका म्हणत, "पाय बरा झाला रे पोरांनो, पण जिथनं हाड काढलं ती कंबर अजून ठणकते."

एक हाड आपोआप सांधले आणि दुसऱ्यासाठी शरीरावर दुसरी जखम करावी लागली. या दोहोंतील अंतर भरून काढण्याचा जो प्रयत्न जगभर चालू आहे, त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

हाड हाच एक संमिश्र पदार्थ

हाड म्हणजे शरीरातील दगड, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि मधूनमधून व्हिनेगर बदलावे. हाडाचा आकार तसाच राहतो, पण ते रबरासारखे वाकू लागते. व्हिनेगरमधील आम्लाने त्यातील खनिज विरघळवलेले असते आणि उरलेला भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. उलटपक्षी, तेच हाड विस्तवात चांगले भाजले तर कोलॅजन जळून जाते. पांढरे, कडक खनिज उरते, पण ते बोटाने दाबताच फुटते.

हाडाच्या वजनात सुमारे ६५ टक्के खनिज असते. ते हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम व फॉस्फेटच्या संयुगाशी अगदी जवळचे आहे. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन आणि पाणी असते. खनिजाचे स्फटिक इतके सूक्ष्म असतात की त्यांची जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर भरते, आणि ते कोलॅजनच्या तंतूंमध्ये ओळीने बसलेले असतात. आपल्या खेड्यांतील कुडाच्या भिंतीत काड्यांची वीण ओढ सहन करते आणि मातीचा लेप दाब सहन करतो. हाडाची युक्ती तीच आहे. खनिज दाबाला तोंड देते, कोलॅजन तडा पसरू देत नाही.

मात्र भिंतीत आणि हाडात एक मोठा भेद आहे. हाड जिवंत असते. त्यात काही पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या पेशी नवे हाड रचतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी अशा रीतीने नवा होतो. जेथे भार अधिक पडतो तेथे हाड दाट होते आणि जेथे भार पडत नाही तेथे विरळ होते, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. आमच्या सोबत्याचा हात सांधला तो या जिवंतपणामुळेच. मोडलेली टोके जवळ आणि स्थिर ठेवणे एवढेच प्लास्टरचे काम होते. बाकीचे काम त्याच्या शरीराने केले.

अंतर मोठे झाले की

हाडाची ही शक्ती अमर्याद नाही. दोन टोकांमधील अंतर एका मर्यादेपलीकडे गेले की मधल्या पोकळीत हाडाऐवजी मऊ, तंतुमय ऊती भरते, आणि एकदा ती भरली की हाडाला वाट उरत नाही. मोठा अपघात, हाडातील जंतुसंसर्ग, गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, जन्मजात व्यंग अशा कारणांनी अशी पोकळी निर्माण होते.

यावर सर्वांत विश्वासाचा उपाय म्हणजे रुग्णाचेच हाड, बहुधा कमरेच्या कडेतून, काढून तेथे भरणे. त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर ते परके मानत नाही. परंतु कमरेतून काढता येणारे हाड मोजकेच असते, आणि काढलेल्या जागेचे दुखणे पुष्कळ दिवस राहू शकते. मृत दात्याचे हाड शुद्ध करून वापरता येते, पण शुद्धीकरणात त्यातील जिवंतपणा जातो. धातूची पट्टी आधार देते, हाड देत नाही. रशियातील कुर्गान येथे गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या कड्यांच्या चौकटीने निरोगी भागातील हाड कापून दररोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने सरकवता येते आणि मागे नवे हाड तयार होते. ही पद्धत खरोखर विलक्षण आहे, पण रुग्णाला ती चौकट कित्येक महिने पायावर वागवावी लागते. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला त्या महिन्यांचे मोल किती पडते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

परांचीची कल्पना

इमारत बांधताना गवंडी प्रथम बांबूची परांची उभारतात. तिच्यावर उभे राहून भिंत चढवतात आणि काम संपले की परांची उतरवतात. अशीच परांची हाडाच्या पोकळीत उभारली तर? पेशींना चढण्यास जागा मिळेल, रक्तवाहिन्यांना वाट मिळेल, आणि नवे हाड तयार होत जाईल तशी ती परांची आपणहून विरघळून जाईल. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ वाकान्टी यांनी १९९३ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखातून ऊती अभियांत्रिकीची संकल्पना विस्ताराने मांडली. तीत अशा आधाराला मध्यवर्ती स्थान होते.

कल्पना सोपी असली तरी तिच्या अटी परस्परविरोधी आहेत. परांची पोकळ हवी, तशी मजबूतही हवी. तिने टिकायला हवे, आणि वेळ होताच निघूनही जायला हवे. या संशोधनाचा सारा इतिहास म्हणजे या अटींमध्ये तडजोड शोधण्याचा इतिहास होय.

पोकळी आणि बळ

प्रथम पोकळीचा विचार करू. शरीरातील बहुतेक पेशी सूक्ष्म रक्तवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉन अंतराच्या आत राहतात, कारण प्राणवायू त्याहून फार दूर झिरपत नाही. म्हणून परांचीच्या गाभ्यापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचल्या नाहीत, तर कडेला हाड होते आणि मध्यभाग मृत राहतो. पेशींच्या शिरकावासाठी छिद्रे किमान १०० मायक्रॉनची, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीची हवीत. रक्तवाहिन्यांसह चांगले हाड तयार होण्यासाठी ती ३०० मायक्रॉनहून मोठी असणे अधिक हितावह मानले जाते. केवळ छिद्रे असूनही भागत नाही, ती एकमेकींत उघडणारी असावी लागतात. साबणाच्या फेसात बुडबुडे असतात, पण एकातून दुसऱ्यात जाण्यास वाट नसते. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीत मात्र पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघते. परांची घोसाळ्यासारखी हवी.

आता बळाचा विचार करू. हाडाच्या बाहेरील घट्ट कवचावर दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक भार दिला तरी ते चिरडत नाही. आतील स्पंजासारखे हाड मात्र साधारण २० ते १२० किलोपर्यंतच टिकते. सच्छिद्र पदार्थांचा सखोल अभ्यास करणाऱ्या लोर्ना गिब्सन आणि मायकेल ॲश्बी यांनी दाखवले की अशा पदार्थाचा ताठरपणा त्याच्या भरीव भागाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे ८० टक्के पोकळी ठेवली, तर भरीव भाग पाचवा हिस्सा उरतो, पण ताठरपणा सुमारे पंचविसावा हिस्साच उरतो. पोकळी ९० टक्के केली तर तो शंभरावा हिस्सा होतो. पेशींना दिलेल्या प्रत्येक वाटेची किंमत बळाच्या रूपाने अशी मोजावी लागते.

एकट्याने जे साधत नाही

पोकळी भरण्यासाठी प्रथम सिरॅमिक, म्हणजे मातीच्या भांड्यांच्या जातीचे पदार्थ पुढे आले. वोल्फ यांनी आपला नियम मांडला त्याच १८९२ साली जर्मनीत ड्रेसमन यांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून पाहिल्या. शरीराने ते सोसले, पण ते काही आठवड्यांतच विरघळून जाते. भिंत चढण्याआधीच परांची कोसळावी, तसा हा प्रकार. पुढे कृत्रिम हायड्रॉक्सीॲपेटाइट आले. हाड त्याला जवळ करते, पण उच्च तापमानात भाजून घट्ट केलेले हायड्रॉक्सीॲपेटाइट वर्षानुवर्षे तेथेच राहते. येथे परांची कोसळत नाही, आणि उतरतही नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे त्याचे भावंड अधिक लवकर विरघळते, म्हणून दोहोंचे मिश्रण करून वेग साधण्याचे प्रयत्न झाले.

१९६७ साली अमेरिकेतील लॅरी हेंच हे काचेचे अभ्यासक एका परिषदेला बसने जात होते. शेजारी व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैन्याधिकारी होता. शरीर नाकारणार नाही असा पदार्थ तुम्ही का बनवत नाही, असे त्याने विचारले. १९६९ साली हेंच यांनी फ्लोरिडा विद्यापीठात बायोग्लास ही काच तयार केली. शरीरात तिच्या पृष्ठभागावर हाडातील खनिजासारखा थर तयार होतो आणि तिचे हाडाशी घट्ट नाते जुळते. शरीर ज्याकडे केवळ दुर्लक्ष करते अशा पदार्थाऐवजी, शरीर ज्याच्याशी जोडले जाते अशा पदार्थाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले ते येथून. तथापि काच काय किंवा हायड्रॉक्सीॲपेटाइट काय, सच्छिद्र केल्यावर ठिसूळ ते ठिसूळच.

दुसरीकडे पॉलिमर, म्हणजे बहुवारिके होती. शस्त्रक्रियेनंतर विरघळणारे टाके आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असतील. असे कृत्रिम टाके १९७० च्या सुमारास प्रचारात आले. ते पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या वर्गातील बहुवारिकांचे असतात. त्यांचे सोबती पॉलिलॅक्टिक आम्ल शरीरात हळूहळू तुटून लॅक्टिक आम्ल बनते, आणि लॅक्टिक आम्ल तर दह्यातही असते. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे तिसरे बहुवारिक विरघळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ घेते. ही बहुवारिके लवचीक असतात, हव्या त्या आकारात घडवता येतात, आणि कोणते किती वेळ टिकेल हे बरेचसे ठरवता येते. परंतु त्यांत ताठरपणा कमी असतो आणि हाडाच्या पेशींना ती फारशी आकर्षित करत नाहीत. शिवाय पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकॉलिक आम्लांच्या मोठ्या तुकड्यात तुटण्याने निर्माण झालेले आम्ल आतच साचले, तर भोवतालच्या ऊतीचा दाह होतो.

आता दोहोंना एकत्र आणण्याचे कारण स्पष्ट होईल. बहुवारिकात सिरॅमिकचे सूक्ष्म कण मिसळले की ताठरपणा वाढतो, पेशींना ओळखीचा पृष्ठभाग मिळतो, आणि कॅल्शियम फॉस्फेटचे किंवा बायोग्लासचे कण विरघळताना ते साचणारे आम्लही काही अंशी शमवतात. उलट, सिरॅमिकचा ठिसूळपणा बहुवारिक सावरून धरते. लंडनमधील विल्यम बॉनफिल्ड यांनी १९८० च्या दशकात पॉलिएथिलीनमध्ये हायड्रॉक्सीॲपेटाइटचे कण मिसळून हाडासारखा संमिश्र पदार्थ घडवला आणि तो मध्यकर्णातील रोपणांसाठी वापरलाही गेला. तो सच्छिद्र नव्हता आणि विरघळणाराही नव्हता, पण निसर्गाची कुडाची भिंत माणसाला बांधता येते याची खात्री त्याने पटवली. विरघळणारी आणि सच्छिद्र संमिश्रे ही त्यापुढची पायरी होय. मिश्रणाचे प्रमाण मात्र जपून ठरवावे लागते. सिरॅमिक फार झाले की पदार्थ पुन्हा ठिसूळ होतो, आणि कणांच्या गुठळ्या झाल्या की तडा तेथूनच सुरू होतो.

छिद्रे पाडण्याच्या रीती

वीटभट्टीवर काम केलेल्या पालकांना पुढील युक्ती लगेच कळेल. विटेच्या चिखलात भुसा मिसळला, तर भाजताना तो जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. सच्छिद्र सिरॅमिक करण्याची एक जुनी रीत नेमकी हीच आहे. बहुवारिकाला भट्टीचे तापमान सोसत नाही, म्हणून तेथे भुशाऐवजी मीठ वापरतात. ठरावीक आकाराचे मिठाचे खडे बहुवारिक आणि सिरॅमिकच्या मिश्रणात मिसळायचे, ते घट्ट झाले की पाण्यात ठेवायचे. मीठ विरघळून जाते आणि खड्यांच्या आकाराची छिद्रे उरतात.

दुसऱ्या रीतीत मिश्रण गोठवतात. द्रावक गोठताना त्याचे स्फटिक वाढतात आणि बहुवारिक व कण स्फटिकांच्या मधल्या फटींत ढकलले जातात. मग निर्वात स्थितीत स्फटिक वाफेच्या रूपाने उडवून दिले की जाळी उरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बर्फाच्या स्फटिकांचा असा साचा वापरून, दाबल्यावर पुन्हा मूळ आकारात येणारे सच्छिद्र पदार्थ घडवण्याचे संशोधन झाले आहे. निसर्गाने तयार ठेवलेल्या जाळीचाही उपयोग झाला. १९७४ साली रॉय आणि लिनेहान यांनी समुद्रातील प्रवाळाची रचना न मोडता त्यातील द्रव्याचे हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये रूपांतर करून दाखवले.

तिसरी रीत त्रिमितीय मुद्रणाची. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून पोकळीचा नेमका आकार घेऊन यंत्र वितळलेल्या बहुवारिकाची तार थरावर थर रचत जाते. यात छिद्राचा आकार आणि दिशा आधीच ठरवता येते. सिंगापूरमध्ये डीटमार हटमाखर, तेओ स्वी हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिकॅप्रोलॅक्टोनची अशी जाळी विकसित केली. कवटीला शस्त्रक्रियेसाठी पाडलेली छिद्रे भरून काढण्यासाठी ती रुग्णांमध्ये वापरली गेली. पुढे तिच्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळून संमिश्र जाळीही घडवण्यात आली.

आज आपण कोठे आहोत

येथे आम्हांस काळजीपूर्वक लिहिले पाहिजे, कारण आशा आणि जाहिरात यांतील अंतर रुग्णाला नेहमी दिसत नाही. कोलॅजन आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचे सच्छिद्र तुकडे किंवा लगदा आज शल्यविशारद लहान पोकळ्या भरण्यासाठी, मणक्यांच्या शस्त्रक्रियेत आणि दंतवैद्यकात वापरतात. भारतातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेसारख्या ठिकाणी हाडासाठीच्या सिरॅमिकवर दीर्घकाळ काम झाले आहे.

परंतु नडगीसारख्या भार वाहणाऱ्या हाडातील चार बोटांची पोकळी एकट्या परांचीने भरून निघेल, अशी स्थिती अद्याप आलेली नाही. सच्छिद्र संमिश्रांचे बळ पुष्कळदा स्पंजी हाडाच्या पातळीवर किंवा त्याखालीच राहते. म्हणून पट्टी, सळई किंवा बाहेरची चौकट यांची सोबत लागते. मोठ्या परांचीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या वेळेवर पोहोचवणे हाही न सुटलेला प्रश्न आहे. त्यासाठी परांचीत रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी पेरणे किंवा हाडाच्या वाढीला चालना देणारी प्रथिने बांधून ठेवणे, असे प्रयोग चालू आहेत. हाडाच्या भुकटीत नवे हाड घडवून आणणारे काही तरी आहे, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवले होते. त्या प्रथिनांचा शोध तेथूनच सुरू झाला.

आणखी एक अडचण वेळेची आहे. तरुणाचे हाड लवकर भरते, वृद्धाचे सावकाश. मधुमेह असलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाचे त्याहून सावकाश. परांची मात्र कारखान्यात ठरवलेल्या गतीने विरघळते. नवे हाड भार घेण्याजोगे होईपर्यंत तिने थांबावे आणि त्यानंतर अडवून बसू नये, हे प्रत्येक शरीरासाठी निराळे साधावे लागेल. आमच्या मते या संशोधनाचा खरा कस येथेच लागणार आहे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, घरात कोणाचे हाड मोडले तर घट्ट पट्ट्या बांधून दिवस घालवू नका, कारण त्याने रक्तपुरवठा तुटतो आणि साध्या मोडीचीही मोठी पोकळी होऊ शकते. हाड जुळेपर्यंत विडी-सिगारेट दूर ठेवा. आणि कोणी 'कृत्रिम हाड' महागड्या किमतीला देऊ केले, तर ते कोणत्या पदार्थाचे आहे, किती काळात विरघळते, आणि सोबत आधार काय देणार, हे तीन प्रश्न शल्यविशारदांना निःसंकोचपणे विचारा.

शाळेतील आजच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेच्या कपाटात एक बरणी ठेवून घ्यावी, असे आम्ही गुरुजींना कळवले आहे. तीत एक हाड आणि व्हिनेगर असावे, शेजारी विस्तवात भाजलेले दुसरे हाड असावे. दोन्ही हातांत घेऊन पाहिली की या लेखातील निम्मी गोष्ट न वाचताच कळेल. उरलेल्या निम्म्या गोष्टीसाठी रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र, जीवशास्त्र आणि शस्त्रक्रिया या साऱ्यांची माणसे लागतात. वीटभट्टीवरच्या त्या काकांचा मुलगा आज अभियंता आहे आणि त्याची मुलगी याच शाळेत आठवीत शिकते. आजोबांची कंबर का दुखत असे, हे तिने आम्हांस मागच्या स्नेहसंमेलनात विचारले. हा लेख तिला दिलेले आमचे उत्तर आहे.